आपल्या १ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर – लॅपटॉपला ९ दिवस का लागले

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू काल रात्री वाचला. आपलं काम अडलं, हेलपाटे झाले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काउंटरवरच्या मुलाने "विंडोज टाकून घ्या, विषय मिटला" असं आपल्याला म्हणायला नको होतं. त्याला बोललो आहे.

आपण लिहिलंय, "झाकण मिटल्यावर लिनक्स लॅपटॉप परत उठत नाही, एवढंच काम होतं. नऊ दिवस ठेवून घेतला, ८०० रुपये घेतले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लिनक्स येत नसेल तर सरळ सांगायचं." यातलं बाकी सगळं मी ऐकून घेतो. पण "नऊ दिवस ठेवून घेतला" हे फार लागलं. वाचणाऱ्याला वाटेल की लॅपटॉप फडताळात पडून होता आणि आम्ही चहा पीत बसलो होतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत चौदा वर्षं दुकान चालवतोय. म्हणून त्या नऊ दिवसांत काय झालं ते सांगतो.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला आपण लॅपटॉप दिलात. रविवार बंद. सोमवारी उघडला तर चिठ्ठीवरचा पासवर्ड लागेना. मी स्वतः सकाळी फोन केला, दुपारी मेसेज टाकला, आपलं उत्तर मंगळवारी संध्याकाळी आलं. आपण कामात असाल, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे तीन दिवस आमच्या हातातले नव्हते.

बुधवारी कामाला लागलो. झोपून न उठणारं मशीन तपासताना आम्ही 'आरटीसीवेक' कमांड वापरतो. ती मशीनला झोपवते आणि सांगितलेल्या वेळाने आपोआप उठवते. एक-एक मिनिटाच्या झोपेवर तीसेक वेळा चालवली, एकदाही अडकलं नाही. रात्री सहा तासांची लावून गेलो, सकाळी स्क्रीन व्यवस्थित समोर. ग्राफिकच्या ड्रायव्हरचा संशय होता, तोही गेला. इथे आमची एक चूक झाली आणि ती मी मान्य करतो. ही कमांड थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगून मशीन झोपवते. झाकण मिटल्यावर काय करायचं याचं सेटिंग वेगळ्या फाइलीत असतं, त्या वाटेने ती जातच नाही. आपला दोष नेमका त्या वाटेवर होता. पहिल्याच दिवशी झाकण मिटून रात्रभर ठेवला असता तर एक दिवस वाचला असता.

गुरुवारी रात्री झाकण मिटून ठेवला. शुक्रवारी सकाळी उघडला तर काळा. कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागेना. पंखा बंद, पॉवरचा दिवा बंद. म्हणजे मशीन अडकलंच नव्हतं, पूर्ण बंद झालेलं होतं. (आपण लॅपटॉप देताना मी विचारलं होतं, "काळा असताना दिवा लुकलुकतो का?" आपण म्हणालात, "लक्षात नाही." तेव्हा हे कळलं असतं तर काम एका दिवसाचं होतं.) बटण दाबलं तर उबुंटू (आपल्या लॅपटॉपवरचं लिनक्स) नव्याने सुरू झालं, उघडं ठेवलेलं काहीही नाही. 'जर्नलसीटीएल' कमांडने आदल्या बूटचा लॉग, म्हणजे आधी मशीन चालू असतानाच्या नोंदी, काढल्या. झाकण मिटलं, मशीन झोपलं, बरोबर दोन तासांनी स्वतःच उठून हायबरनेटला (मेमरी डिस्कवर लिहून पूर्ण बंद) गेलं, पुढे काही नाही. आणि नव्या बूटच्या लॉगमध्ये स्वॅपची (मेमरीतलं डिस्कवर ठेवायच्या जागेची) ओळ होती, की इथे सस्पेंडचा डेटा सापडला, स्वॅपची सही पुन्हा लिहितोय. ती ओळ वाचली आणि सगळा उलगडा झाला.

आपण कुठल्यातरी गाइडवरून 'सस्पेंड-देन-हायबरनेट' लावलं होतं. आधी साधी झोप, दोन तासांनी मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद. त्यासाठी २० जीबीची स्वॅप फाइलही आपण बरोबर केली होती, १६ जीबी रॅमला पुरेशी. राहिलं होतं ते शेवटचं पाऊल. सुरू होताना कर्नलने ते लिहिलेलं कुठून वाचायचं, हे ग्रबमध्ये (मशीन लावल्यावर लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'रिझ्यूम' आणि 'रिझ्यूम_ऑफसेट' देऊन सांगावं लागतं. ते नव्हतं. त्यामुळे रोज रात्री आपलं काम डिस्कवर जपून लिहिलं जात होतं आणि सकाळी ते न वाचताच पुसलं जात होतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत झाकण मिटलं तर लॅपटॉप नीट उठायचा तो दोन तास व्हायच्या आत उघडायचात म्हणून.

असा दोष घाईने सापडत नाही, सर. स्क्रीन फुटली तर ती दिसते. झोपेचा दोष बघायचा तर मशीनला तितका वेळ झोपू द्यावंच लागतं. एक प्रयोग म्हणजे एक रात्र.

शुक्रवारी दुपारी आपल्याला फोन केला. आपण मीटिंगमध्ये होतात, शनिवारी बोलणं झालं. मी म्हणालो, ग्रबमध्ये या दोन गोष्टी घालू, हायबरनेट नीट चालेल. आपण म्हणालात, "विंडोजपण आहे, ऑफिसचा डेटा आहे, बूटच्या कशाला हात लावू नका." मशीन आपलं, शब्द आपला. म्हणून आपल्याला विचारूनच झाकणाचं सेटिंग साध्या 'सस्पेंड'वर आणलं. शनिवारी रात्री झाकण मिटून ठेवला आणि रविवारी सुट्टी असून सकाळी आठला शटर उघडून बघितलं. पहिल्या फटक्यात उठला, उघडी ठेवलेली फाइल जागच्या जागी. सोमवारी आपण घेऊन गेलात.

आता "तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच" याबद्दल. आपला फोन आला तेव्हा आपणच म्हणालात की रात्रीत बॅटरी उतरते म्हणून जुनं सेटिंग परत टाकलं. मग जुना दोष परत येणारच. पण बॅटरी उतरणार हे मी आपल्याला आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, आणि ही चूक माझी. आपल्या लॅपटॉपमध्ये 'डीप' म्हणजे जुनी एस-३ झोप नाहीच. तिच्यात रॅम सोडून जवळजवळ सगळ्यांची वीज तुटायची. कर्नलला विचारलं तर तो फक्त 'एस-टू-आयडल' दाखवतो, त्यात प्रोसेसर नुसता स्वस्थ बसतो, पुरता बंद होत नाही. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपचं असंच आहे. दुकानात एका रात्रीत १४ टक्के चार्ज गेला होता. मला ते खटकलं नाही, पण आपल्याला घरी खटकणार हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

८०० रुपयांचं एवढंच सांगतो, की ते तपासणीचे होते, लॅपटॉप घेतानाच पावतीवर लिहिले होते, आणि रात्रींचा वेगळा आकार लावलेला नाही.

"लिनक्स येत नाही" याला काय उत्तर देऊ? आमच्या दुकानाचं बिलिंगचं मशीन गेली सहा वर्षं उबुंटूवर आहे. इंजिनिअरिंगची मुलं ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) बिघडवून येतात, त्यांचा डेटा न जाता ग्रब परत बसवून देतो. लिनक्स म्हटल्यावर "आमच्याकडे होत नाही" म्हणून परत पाठवणारी दुकानं आहेत. आम्ही कुणाला परत पाठवलेलं नाही. आणि त्याच कामावर एक स्टार मिळाला की नवीन माणूस पायरी चढायच्या आधी तोच वाचतो. घर या दुकानावर चालतं, सर.

यापुढे झोपेच्या तक्रारीचा लॅपटॉप आला की पहिल्याच रात्री झाकण मिटून ठेवणार, आणि काय बदललं ते पावतीच्या मागे लिहून देणार.

आपली तयारी असेल तर सोमवार ते शनिवार कधीही या. आपल्यासमोर बसून ग्रबमध्ये त्या दोन गोष्टी घालतो, आधी बॅकअप घेऊन, एक रुपया न घेता. संध्याकाळी दिलात तर रात्र त्यात जाईल आणि सकाळी दहाला आपण स्वतः झाकण उघडून बघा. येताना चार्जर तेवढा आणा, गेल्या वेळी राहिला होता.

आपला,
दुकानमालक