साहेबांच्या गाडीची पावती

परवा रात्री नऊला ग्रुपवर पुन्हा यादी पडली. एकशे बारा नावं, प्रत्येकापुढे रक्कम, खाली जोडलेले दोन हात आणि "साहेबांच्या वाढदिवसानिमित्त समस्त तालुक्याच्या वतीने प्रेमाची भेट". भेट म्हणजे चारचाकी. पांढरी, उंच, टपावर उभं राहून हार घ्यायला सोयीची. साहेब कोण, पक्ष कोणता, हे कमेंटमध्ये विचारू नका. ओळखायलाही जाऊ नका. तापीच्या अलीकडे-पलीकडे असे साहेब पुष्कळ आहेत, आणि पक्षाचं म्हणाल तर पोस्ट लिहून होईपर्यंत तो तोच राहील याची खात्री नाही.

माझं बी-बियाण्यांचं दुकान. जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कुणाला अमुकच वाण पाहिजे, कुणाला उधारीवर पाहिजे, कुणाला दोन्ही. त्या गर्दीत वर्गणीची पोरं आली. चौघं, गळ्यात उपरणी, हातात लॅमिनेशन केलेला स्कॅनर. "काका, तुमचं किती लिहू?" देणार का, हा प्रश्नच नाही. थेट किती. मी अकराशे मारले.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी फार शहाणपण शिकवायला लागलो तर हेच अकराशे माझ्या तोंडावर मारा. दुकानाला परवाना लागतो, युरियाची गाडी कोणाच्या दारात आधी उतरते हे ठरवणारे लोक असतात, तपासणीला कधीही कोणीही येऊ शकतं. साहेबांनी मला आजवर कधी त्रास दिलेला नाही. उद्याही देऊ नये म्हणून हे अकराशे गेले, असं मला मनातून वाटतंय. आणि मला तसं वाटावं म्हणून त्यांना काही करावंही लागलं नाही. ते कदाचित त्या वेळी मुंबईत जेवत असतील.

काउंटरला टेकून शेजारच्या गावचा एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, उभा होता, मालकासाठी कपाशीची पाकिटं न्यायला आलेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरलं, उचल घेतली, तीही मुलीच्या लग्नाच्या देण्यात गेली, हे मला माहीत आहे कारण तो दर वेळी सांगतो. पोरं माझ्याशी बोलत होती, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. त्याने बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून शंभराची नोट काढली, दोन बोटांनी सरळ केली आणि पुढे केली. पोरांनी "राहू द्या बाबा" म्हटलं नाही. नोट घेतली. तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मन्हं नाव बी यी का यादीमा?"

त्याच्या घरकुलाचा हप्ता अडकलाय. भिंती खिडकीपर्यंत आल्यात आणि तिथेच थांबल्यात.

२०२५ च्या हंगामात कपाशीचं पाकीट ९०१ रुपयांना होतं. पाचशेची वर्गणी म्हणजे अर्ध्या पाकिटाहून जास्त. पेरणीच्या तोंडावर माणूस अर्धं पाकीट साहेबांच्या गाडीत टाकतो, तेव्हा ते प्रेम असतं की विमा?

आता विरोधातला मुद्दा, कारण तो हलका नाही. ग्रुपवर एका पोराने लिहिलं, "ठेकेदाराने गाडी दिली तर साहेब ठेकेदाराचे होतील. दोन हजार लोकांनी दिली तर लोकांचे राहतील." मला हे वाक्य तीन दिवस पुरलं. एकाने दहा लाख दिले तर उपकार एकाचा, तो फेडायचाही एकालाच. दोन हजार माणसांनी पाचशे-पाचशे दिले तर उपकार वाटला जातो, कुणाला काही मागायला तोंड राहत नाही. राजू शेट्टींना शेतकऱ्यांनी "एक व्होट, एक नोट" म्हणत निवडणुकीला पैसे दिले तेव्हा मला ते आवडलं होतं, आजही आवडतं. मग इथे पोटात का दुखतंय?

म्हणून दुकानदाराने करावं ते केलं. यादी कॅल्क्युलेटरवर घेतली. पहिल्या नऊ नावांतच निम्म्याहून जास्त रक्कम निघाली. नऊ जणांत रस्त्याची कामं घेणारे, खडीक्रशरवाले, एक-दोन संस्थाचालक. उरलेली एकशे तीन नावं म्हणजे आम्ही: पाचशेवाले, अकराशेवाले. वरणाला फोडणी नऊ जणांची, पाणी आमचं. पण भांड्यावर नाव "लोकवर्गणी". ठेकेदाराने एकट्याने गाडी दिली असती तर निदान गावभर चर्चा तरी झाली असती. आता त्याचे एक लाख अकरा हजार आमच्या पाचशेच्या गर्दीत बसून शुद्ध झाले. आणि सालदाराची शंभराची नोट तर त्यांच्यासाठी लाखमोलाची. "बघा, गरिबातल्या गरिबाने दिले!"

निवडणुकीला दिलेला पैसा वेगळा का, तर त्याला निदान कागद आहे. उमेदवाराला विधानसभेला ४० लाखांची खर्चाची मर्यादा आहे, निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. करमाफी टिकवायची तर पक्षाला दोन हजारांच्या वर रोख देणगी घेता येत नाही, वीस हजारांवरच्या देणग्या निवडणूक आयोगाला कळवाव्या लागतात. पळवाटा आहेत, मलाही माहीत आहेत. पण निवडणूक हे सगळ्यांचं काम आहे, हरला तर पैसा बुडतो, जिंकला तर काम करायचं असतं. गाडी मात्र साहेबांच्या अंगणात उभी राहणार. लग्नाच्या वऱ्हाडाला तीच जाणार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले. कारण काय दिलं? कोणी कोणाला किती दिले, हे मतदाराला कळायला पाहिजे. आमच्या ग्रुपवरच्या यादीचं नेमकं उलटं आहे. कोणी दिले हे साहेबांना कळतं. कोणी दिले नाहीत, तेही कळतं. आमच्या चौकातल्या एका सायकलवाल्याचं नाव यादीत नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी दोघांनी त्याला विचारलं, "का रे, राहून गेलं का?" तो म्हणाला, "हो, राहून गेलं." त्या रात्रीच्या यादीत तो आला.

बाहेर असं कुठे झालंय का, हे आठवत होतो. २०१९ मध्ये केरळात झालं होतं. आलत्तूरच्या नव्या खासदार रम्या हरिदास. गरीब घरातल्या, दलित, त्यांच्याकडे गाडी नाही. तिथल्या युवक काँग्रेसने चौदा लाखांची गाडी द्यायचं ठरवलं, हजार-हजाराच्या पावत्या छापल्या. पैसे फक्त कार्यकर्त्यांकडून घेणार, बाहेरच्या कुणाकडून नाही, असंही सांगितलं. प्रकरण आमच्यापेक्षा कितीतरी सोवळं. तरी त्यांच्याच पक्षाचे प्रदेशाध्यक्ष मुल्लपल्ली रामचंद्रन म्हणाले की खासदाराला कर्ज सहज मिळतं, गाडी त्यावर घ्यावी. बाईंनी गाडी नाकारली. त्यांना टोचून बोलणारेही होते, गरिबाच्या लेकीला गाडी मिळाली तर यांच्या का डोळ्यांत खुपते, असं म्हणणारेही होते. दुसऱ्या गटाचं मला आजही पटतं, थोडंसं. ज्याच्याकडे सात गाड्या आहेत त्याला आठवी देताना कुणी नियम काढत नाही, आणि जिच्याकडे एकही नाही तिच्या वेळी सगळ्यांना नीतिमत्ता आठवते. पण नाही म्हणाल्या, आणि विषय तिथे मिटला.

"अरे, टिळकांना नव्हती का थैली दिली?" हे आमच्या एका निवृत्त गुरुजींनी मला कट्ट्यावर ऐकवलं. दिली होती. २३ जुलै १९१६, साठावा वाढदिवस, एक लाख रुपये. टिळकांनी ते राष्ट्रकार्याला देऊन टाकले. पण गुरुजी, तुम्ही अर्धंच सांगितलं. त्याच सुमारास सरकारने टिळकांकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला होता. त्यांच्या हातात कुणाचा परवाना नव्हता, कुणाचं घरकुल नव्हतं, कुणाची बदली नव्हती. त्यांना पैसे दिले म्हणून कुणाचं काम होणार नव्हतं. उलट यादीत नाव आलं तर पोलीस दारात यायची धास्ती. तसल्या यादीत कोणी स्वतःहून नाव घालत असेल तर त्याला मी प्रेम म्हणेन, बिनशर्त.

आपण खान्देशी देण्यात कधी मागे नव्हतोच. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी गावोगाव फिरले. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूचं नगर उभं केलं, लोकांनी हात लावले. अधिवेशन संपलं, बांबू निघाले, कुणाच्या अंगणात काही उरलं नाही.

आणि तुला, म्हणजे माणसाच्या वजनाइतक्या वस्तू पारड्यात घालायच्या ते? वहीतुला, पेढेतुला, ग्रंथतुला, आपल्याकडे सगळ्या झाल्या. मला स्वतःला त्या हास्यास्पद वाटतात, नव्वद किलोचा माणूस पारड्यात पाय सोडून बसलाय हे दृश्य बघवत नाही. पण वहीतुलेतल्या वह्या शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या, माझ्या भाच्याला त्यातल्या सहा मिळाल्या. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो होता, भाच्याने त्याला मिशा काढल्या.

मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, केंद्राच्या आणि राज्याच्याही. फार लोकांना ठाऊक नसते, म्हणून लिहितो. जवळचे नातेवाईक सोडून कुणाकडून मौल्यवान भेट घेऊ नये. ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून तर कसलीच घेऊ नये, घरच्यांनीही घेऊ नये. संस्थेसाठी थैली मिळाली तर ती लवकरात लवकर त्या संस्थेकडे पोचवावी. हा कायदा नव्हे, सभ्यपणाचा कागद. कायदा आहे तो भ्रष्टाचार प्रतिबंधक, १९८८ चा. त्याचं कलम ११ सांगतं की ज्याचं काम आपल्याकडे आहे किंवा येऊ शकतं, त्याच्याकडून लोकसेवकाने फुकटात लाभ घेणं गुन्हा आहे. आणि खासदार या कायद्यापुरते लोकसेवक आहेत, हे सुप्रीम कोर्टाने १९९८ लाच सांगून ठेवलंय. आमदारांनाही तेच लागू.

आता आमच्या यादीवर ज्याचं साहेबांकडे काम नाही असा एक माणूस दाखवा. विजेची डीपी जळली, साहेब. विहीर मंजूर होत नाही, साहेब. पोराची बदली, साहेब. तलाठी उताऱ्यासाठी पाचशे घेताना सापडला की त्याचा फोटो पेपरात येतो, रंग लागलेल्या हातासकट. तेच पाचशे शंभरावर माणसांकडून, स्कॅनर लावून, यादी छापून घेतले की त्याला सत्कार सोहळा म्हणायचं, आणि आहेराला निमंत्रण पत्रिका.

पोरांवर माझा राग नाही. त्यातला एक माझ्याकडे दोन हंगाम कामाला होता, हिशोबाला चोख. त्याला खरंच वाटतं की तो चांगलं काम करतोय. साहेबांनी त्याच्या आईच्या ऑपरेशनला फोन केला होता, हे तो दर तासाला सांगतो. त्याचं ऋण खरं आहे. मात्र ते त्याने माझ्या गल्ल्यातून का फेडावं, हे त्याला समजावता आलं नाही मला. गिऱ्हाईक उभं होतं.

रविवारी मी ग्रुपवर एकच प्रश्न टाकला. गाडीचं पासिंग कोणाच्या नावावर होणार? साहेबांच्या नावावर झालं तर पुढच्या निवडणुकीच्या शपथपत्रात दाखवावी लागेल. पैसे आधी साहेबांच्या हातात देऊन गाडी घेतली, तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर भेट मिळालेले पैसे उत्पन्नात धरले जातात, मग त्यावरचा कर कोण भरणार, की त्याचीही वर्गणी? आणि दुसऱ्याच कुणाच्या नावावर झालं, तर आपण भेट नक्की कोणाला देतोय?

दोन तास सगळे गप्प. मग एक अंगठा आला. मग एकाने लिहिलं, "काका, तुमचे अकराशे परत पाहिजेत का?" मी "नको" असं लिहून पाठवेपर्यंत ग्रुप फक्त ॲडमिनसाठी करून झाला होता.

यादी मात्र रोज रात्री नऊला येते. काल मी ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. सालदाराचं नाव नाही. सगळ्यात खाली एक ओळ आहे: इतर, ३४०० रुपये. तो सोमवारी खत न्यायला येणार आहे.