कोचचं नाव कुणी काढेल का?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, क्रीडा खात्याच्या कक्षेत आणलं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली. तेव्हापासून घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत आणि ऐरोली-खारघरच्या घरांत चर्चेचा सूर बदलला आहे. पूर्वी ‘डोळे जातील, दहावी बुडेल’ एवढ्यावर विषय संपायचा. आता शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीचे सवलतीचे गुण ई-स्पोर्ट्स खेळणाऱ्या मुलांनाही मिळणार का, असं विचारलं जातं. कोपनहेगनमध्ये बसून हे ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघंही फक्त खेळाडूबद्दल बोलतात.

डेन्मार्कची लोकसंख्या साधारण साठ लाख, म्हणजे ठाणे जिल्ह्यापेक्षाही कमी. तरी काउंटर-स्ट्राइक या पाच विरुद्ध पाच बंदूकबाजीच्या संगणक गेममध्ये हा देश काही वर्षं जगाच्या पुढे होता. त्यामागे डॅनी सोरेन्सन, म्हणजेच ‘झॉनिक’, या माणसाचा मोठा वाटा आहे. त्याचा जन्म १९८६ चा. काउंटर-स्ट्राइक १.६ या जुन्या आवृत्तीच्या काळात तो नावाजलेला खेळाडू होता, पण खेळाडू म्हणून त्याच्या नावावर एकही मेजर, म्हणजे या गेमची सर्वांत मानाची स्पर्धा, नाही, कारण मेजर स्पर्धा २०१३ मध्ये सुरू झाल्या. कोच म्हणून मात्र पाच आहेत: अ‍ॅस्ट्रॅलिस या संघाबरोबर २०१७ ते २०१९ या काळात चार आणि व्हिटॅलिटी या संघाबरोबर २०२३ ची पॅरिसची. त्याची कारकीर्द खऱ्या अर्थाने बहरली ती माउस खाली ठेवल्यावर.

ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉल्व्ह या काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या कंपनीने नियम केला की सामना चालू असताना कोचने बोलायचं नाही. वॉर्म-अप, हाफ-टाइम आणि ३० सेकंदांचे चार टाइमआउट, एवढीच मुभा. त्याआधी बरेच कोच मागे उभे राहून संघ चालवत असत, त्यांची पंचाईत झाली. ज्यांचं काम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात होत होतं, ते टिकले.

ते काम कसं असतं? मिराज नकाशावर ए साइट, म्हणजे बॉम्ब लावायची एक जागा, घ्यायची तर जंगल, स्टेअर्स आणि सीटी या तीन जागांवर तीन स्मोक, म्हणजे नजर अडवणारे धुराचे गोळे, एकाच वेळी पडावे लागतात. स्मोक जेमतेम १८ ते २० सेकंद टिकतो. सीटीचा स्मोक दोन सेकंद उशिरा पडला, तर तिथला एडब्ल्यूपीवाला, म्हणजे स्नायपर रायफलवाला, रॅम्पवरून येणाऱ्या पहिल्याला टिपतो आणि राउंड पाच विरुद्ध चारचा होतो. खेळाडूला वाटतं, नेम चुकला. कोच डेमो, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, मागे नेतो आणि दाखवतो की चूक मरणाऱ्याची नव्हतीच, स्मोक टाकणारा आपल्या जागेवर उशिरा पोहोचला होता. मग तोच स्मोक रिकाम्या सर्व्हरवर न चुकता पडेपर्यंत पुन्हा पुन्हा टाकायचा. एका बैठकीत अशा तीन-चार क्लिप पुरेत. पंधरा दाखवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

गेममध्ये शस्त्रं घ्यायला मिळणाऱ्या पैशांचंही तसंच. राउंड हरल्यावर मिळणारी रक्कम १४०० पासून ३४०० पर्यंत चढत जाते. एके-४७ बंदुकीला २७०० लागतात, हेल्मेटसह चिलखताला १०००. तिघांनी पूर्ण खरेदी केली आणि दोघं पिस्तुलावर राहिले, की तो राउंड बहुतेक वेळा जातो आणि पुढच्या राउंडला पाचही जण कंगाल होतात. नवख्या संघांचे सामने नेमापेक्षा याच हिशेबात जातात.

अ‍ॅस्ट्रॅलिसने सोबत क्रीडा मानसशास्त्रज्ञही घेतली. इथल्या एफ्टरस्कोलेंमध्ये, म्हणजे साधारण १४ ते १८ वर्षांच्या मुलांच्या निवासी शाळांमध्ये, काही ठिकाणी ई-स्पोर्ट्स हा विषय आहे. शिकवायला शिक्षक असतो आणि व्यायामही ठरलेला असतो.

हे सगळं उचलून ठाण्यात ठेवता येणार नाही, हेही मान्य करायला हवं. इथून फ्रँकफर्ट किंवा स्टॉकहोमचा सर्व्हर हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे युरोपातल्या तगड्या संघांशी रोज स्क्रिम, म्हणजे सरावाचे सामने, होतात. नवी मुंबईतल्या मुलाला मुंबईच्या सर्व्हरवर उत्तम पिंग मिळतो, म्हणजे सिग्नल पोहोचायला वेळ लागत नाही, पण तिथे समोर बहुधा ओळखीचेच संघ. सिंगापूरला गेलं की पिंग वाढतो आणि सेकंदाच्या अंशावर ठरणाऱ्या चकमकी हरल्या जातात. शिवाय आपल्याकडे खेळ मुख्यतः मोबाइलवर. बीजीएमआय हा पबजीचा भारतीय अवतार जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्याचं सगळं कौशल्य त्या एका गेमच्या बोटांत होतं, त्याचे ऐन उमेदीचे दहा महिने गेले.

म्हणूनच मला वाटतं, कोचची गरज ठाण्याला कोपनहेगनपेक्षा जास्त आहे. बीजीएमआयमध्ये चौघांचे १६ संघ एकाच वेळी उतरतात. जागेचे गुण १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्याला, एक. नववा आलेला, एकही फिनिश नसलेला संघ शून्यावर राहतो. कोणता संघ कुठे उतरतो, खेळायची हद्द दुसऱ्यांदा आकसल्यावर कोणत्या रस्त्याने सरकतो, गाड्या कुठे ठेवतो, याची नोंद खेळता खेळता ठेवणं चौघांपैकी कुणालाच जमत नाही. ती बाहेरच्याने ठेवायची असते. आणि नोंदी ठेवण्याची, चूक शोधण्याची ही सवय गेम बदलला तरी कामाला येते.

आपल्याकडे मात्र बऱ्याच संघांत जुना खेळाडू ‘कोच’ म्हणून येतो आणि स्पर्धेत स्लॉट मिळव, जर्सी आण, जेवण सांग यातच अडकतो. सामन्यानंतर तो मुलांना ओरडतो, कारण डेमो बघायला त्याला वेळच मिळालेला नसतो. क्रिकेटच्या प्रशिक्षकाला परीक्षा आहे, पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कोचिंगचा पदविका अभ्यासक्रम आहे, शिवछत्रपती पुरस्कारातही मार्गदर्शकाचा मान आहे. सव्विशीत हातांचा वेग कमी झालेल्या ई-स्पोर्ट्स खेळाडूला यातलं काय आहे? सवलतीच्या गुणांआधी ही मागणी व्हायला हवी.

तोवर पालकांनी अकादमीत फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. स्क्रिमनंतर डेमो कोण बघतं आणि त्याच्या लेखी नोंदी दाखवता का? दिवसाचे स्क्रिम किती तासांवर थांबतात? कोच पगारावर आहे, की बक्षिसातल्या वाट्यावर? वाट्यावरचा कोच पुढच्या रविवारची स्पर्धा जिंकायला बघतो, आणि सोळा वर्षांच्या मुलाला बसवून एकाच स्मोकवर आठवडा घालवणं त्याला परवडत नाही.