तंबोरा कुणाचा, आणि चेंग कुठे गेली

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता आनंद होता. आम्ही सांगलीचे. मिरज आम्हाला परकी नाही. तिसऱ्या दिवशी मावसभावाने लिहिलं, की तंबोरा हा शब्द तुंबरू गंधर्वावरून आला आणि त्याचा संबंध तुर्की-इराणी तनबूरशी जोडणारे अजून मनाने गुलाम आहेत. भाचीने त्याला उलट उत्तर दिलं, की आपल्याकडचं सगळंच बाहेरून आलेलं आहे, उगाच छाती फुगवू नका. तेव्हापासून हे भांडण मिटलेलं नाही. कुणी मैफलीचा फोटो टाकला तरी पुन्हा पेटतं. परवा तर दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं: मावशी तुर्कस्तानातच राहते, तिलाच विचारा.

विचारलंच आहे तर सांगते. इस्तंबूलमध्ये मला चौदा वर्षं झाली.

गालिप देदे रस्त्यावर वाद्यांच्या दुकानांची रांग आहे. तिथे तनबूर टांगलेले असतात. लांबच लांब दांडी, तिच्यावर दाटीने बांधलेले पडदे, खाली पातळ पट्ट्या जोडून केलेलं गोल पोट. त्यावर सूर वाजतो, गत वाजते, आणि वाजवायच्या नखीला मिझराप म्हणतात. आपली मिजराबच. आपल्या तंबोऱ्याला पडदे नाहीत, त्यावर गाणं वाजत नाही, तो फक्त षड्ज-पंचम धरून गवयाच्या पाठीशी उभा राहतो. खाली पंढरपूरकडचा भोपळा, घोडीवर सुताचा दोरा, त्यातून निघणारी जवारी, म्हणजे तारेची ती गुंजती आस. नाव जवळचं असेल, पण काम पार वेगळं. जवारी काढण्यात मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या. त्यांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. त्यांना तुंबरूचं किंवा तनबूरचं प्रमाणपत्र कशाला हवं? मावसभावाला आणि भाचीला दोघांनाही मी विचारलं, की तुमच्यापैकी शेवटचा तंबोरा कुणी आणि कधी जुळवला? ग्रुप शांत झाला. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

पण मला खरं सांगायचंय ते चेंगबद्दल.

चेंग म्हणजे उभी हार्प. तिचा कातड्याने मढवलेला बाकदार पेटारा वरच्या बाजूला असतो, वादकाच्या खांद्यालगत उभा राहतो, आणि तारा तिथून खालच्या आडव्या दांड्याकडे उतरतात. ही जात फार जुनी. निनेवेच्या राजवाड्यातल्या असिरियन शिल्पांत ती दिसते, मग इराणात, मग उस्मानी दरबारात. 1405च्या सुमारास अहमद-ई दाई या कवीने तिच्यावर ‘चेंगनामे’ नावाचं काव्यच लिहिलं. त्यात चेंगच्या रेशमी तारा, लाकूड, हरणाचं कातडं आणि घोड्याचे केस एकेक करून आपली हकिगत सांगतात, की आम्ही कुठे होतो, कसे तोडले गेलो आणि इथे कसे येऊन पडलो. पहिल्यांदा मी ते समजावून घेतलं तेव्हा वापूरमध्ये, म्हणजे इथल्या प्रवासी बोटीत, बसले होते, हातात चहाचा पेला होता, आणि काराकोय आलं तरी मी उठले नाही. पुन्हा कादिकोयला परत गेले.

सतराव्या शतकात चेंग संपली. एक कारण असं सांगतात, की मकामच्या, म्हणजे आपल्या रागासारख्या स्वररचनांच्या, संगीतात एका पूर्ण स्वरांतराचे नऊ बारीक भाग मोजतात आणि वाजवता वाजवता एका मकाममधून दुसऱ्यात जातात. चेंगच्या तारा मोकळ्या. मधेच सूर बदलायचा म्हणजे तार पुन्हा लावायची. तनबूरला ती अडचण नाही. दरबाराची आवड बदलली, वादक कमी झाले, वाजवणारे गेले की घडवणारे गेले. तीनशे वर्षांनी जेव्हा तिची आठवण झाली, तेव्हा नमुना म्हणून समोर ठेवायला वाद्य नव्हतं. 1990च्या दशकात फिक्रेत काराकाया यांनी जुन्या लघुचित्रांवरून आणि काव्यातल्या वर्णनांवरून ती पुन्हा घडवली, बेझमारा या त्यांच्या वाद्यवृंदात वाजवली. पुढे शिरीन पांजारोलू यांनी, ज्या मुळात पाश्चात्त्य हार्पच्या मोठ्या वादक, चेंग हातात घेतली आणि देशोदेशी ऐकवली. पण चित्रात आकार दिसतो, बोटं दिसतात. तार कुठल्या सुरात लावली होती ते दिसत नाही. तेवढं प्रत्येकाला आपल्या कानाने नव्याने ठरवावं लागलं.

चेंग गेली तरी तिचं नाव एका ठिकाणी राहिलं. उस्मानी काळातल्या नाचणाऱ्या बायांना चेंगी म्हणत, तो शब्द तिच्यावरूनच आल्याचं मानतात. वाद्य शिल्लक नाही आणि नाव फिरतंय. हे वाचलं आणि मला एकदम भाजे आठवलं.

शाळेच्या सहलीत आम्ही भाजे लेण्यांत गेलो होतो. हत्तीवरच्या इंद्राचं म्हणतात ते शिल्प दाखवून सरांनी पुढे नेलं. त्याच्याच खाली एक बाई नाचते आहे आणि शेजारी दुसरी हार्प वाजवते आहे, हे कुणी सांगितलं नाही. आपली जुनी वीणा ती हीच: कमानीसारखी, उघड्या तारांची. समुद्रगुप्त नाण्यावर मांडीवर घेऊन बसलाय ती हीच. नाट्यशास्त्रातली सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची याच घराण्यातल्या. मग ती मागे पडली, आणि ‘वीणा’ हा शब्द दांडीच्या वाद्यांनी उचलला. वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा आपण बघतो आणि समजतो, की सगळं जसंच्या तसं आहे. तुर्कांना निदान कळलं की आपलं काहीतरी हरवलंय. आपल्याला कळलंसुद्धा नाही, कारण नाव घरातच होतं. ब्रह्मदेशात तीच कमानी वीणा सौंग म्हणून आजही वाजते. आपल्या मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडच्या परधानांचा बीनबाजा तिचाच नातलग. तमिळ याळ चेन्नईत पुन्हा घडवली गेलीय. आम्ही मात्र तंबोऱ्याचा शब्द कुठून आला यावर रात्री जागवतोय.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही लिहिलं, की इथे लोक भांडत बसत नाहीत, वाद्य घडवतात. अझरबैजानचं बाकू म्हणतं चेंग आमची, इराण म्हणतं आमची, इथले म्हणतात आमची, पण तिन्हीकडे ती वाजते, आणि ती वाजते हे महत्त्वाचं.

खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक हानिम, म्हणजे बाई, राहतात. त्यांना मी मोठ्या अभिमानाने हा वाद सांगितला. त्यांनी माझ्या पेल्यात चहा ओतला आणि म्हणाल्या, “किझिम, अगं मुली, 1934 कुणी सांगितलं नाही का तुला?” त्या वर्षी इथल्या रेडिओवरून तुर्की संगीत बंद झालं, सुमारे दोन वर्षं. लोकांनी संगीत पाश्चात्त्य वळणाचं, आधुनिक ऐकावं म्हणून. त्यांचे वडील कैरो रेडिओ लावून बसायचे, कारण कानाला ओळखीचं तिथेच सापडायचं. त्याआधी 1925 मध्ये तेक्के, म्हणजे दर्ग्यांसारखे सूफींचे मठ, बंद झाले होते, आणि पिढ्यान् पिढ्या जिथे नेय ही बासरी शिकवली जायची ती दारंही त्यांच्याबरोबर. सरकारी तुर्की संगीत विद्यालय उभं राहायला 1975 उजाडलं. ज्या देशाचा दाखला देऊन मी घरच्यांना सुनावत होते, त्या देशाने आपल्याच कानांवर हात ठेवला होता. आणि आपलं आकाशवाणी? 1940 पासून तीस वर्षं पेटीला बंदी, मींड निघत नाही आणि श्रुती बसत नाहीत म्हणून. आज पेटीशिवाय भजन सुचत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. एवढ्या लांबून बोलताना आपण जिंकायला बघतो, कारण तिथल्या रोजच्या गोष्टींत आपला हात राहिलेला नसतो, फक्त मत राहिलेलं असतं. माझी ‘इथे’ आणि ‘तिथे’ हल्ली अदलाबदल होतात. दर वेळी इकामेत, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवायला गेले की कागदावर मी परकी आहे, आणि सांगलीच्या घरात माझी खोली आता धाकट्या भाचीच्या अभ्यासाची आहे. चेंगच्या तारांची हकिगत मला इतकी का लागली, ते मला कळतं.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. शेवटचा तंबोरा कुणी जुळवला, हे मी ज्या तोऱ्यात विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आमच्या घरात तंबोरा आहे. मिरजेतच घडलेला, आईचा. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी पंधरा दिवसांसाठी आले, गवसणी चढवली, कोपऱ्यात उभा केला आणि विमानात बसले.

गेल्या रविवारी दादाला फोन केला आणि म्हटलं, जरा काढ ना तो. त्याने कॅमेऱ्यासमोर गवसणी उतरवली. भोपळा शाबूत आहे, एक खुंटी ढिली, चारपैकी दोन तारा गेलेल्या. दादा म्हणाला, “मिरजेला नेतो, तारा घालून जवारी काढून आणतो. पण ते विचारतील, कुठल्या पट्टीत लावायचा. आई कुठल्या पट्टीत गायची गं?”

काळी चार की काळी पाच, मला आठवेना. दादालाही आठवेना. तो फोन हातात घेऊन बैठकीच्या खोलीत गेला आणि भिंतीवरचा फोटो मला दाखवला. त्यात आई तंबोरा घेऊन बसली आहे, डोळे मिटलेले, बोटं तारांवर. बोटं अगदी स्वच्छ दिसतात.