नुसत्या गेरूने डिंक्या जात नाही

‘गेरू म्हणजे नैसर्गिक लोह. खोडाला फासा, बुरशी आणि डिंक्या जातो. चमचाभर कुंडीत टाका, पिवळी पानं हिरवी होतात.’ पावसाळा तोंडावर आला की हा मजकूर फिरू लागतो. त्यात लोहाची गोष्ट तेवढी खरी आहे. गेरूचा तांबूस-तपकिरी रंग फेरिक ऑक्साइडचाच. बाकीच्या सल्ल्यापायी संत्रा-मोसंबीची चांगली झाडं हातची जातात.

डिंक्या म्हणजे खोडातून डिंक ओघळत साल कुजण्याचा रोग. तो होतो फायटोप्थोरा या मातीतल्या, बुरशीसारख्या रोगजंतूमुळे, आणि गेरूने हा जंतू मरत नाही. गेरू फासलेली जी खोडं निरोगी दिसतात, तिथे बहुतेकदा गेरूत ताम्रयुक्त बुरशीनाशक कालवलेलं असतं. काम तांब्याचं, नाव गेरूचं. उलट जखमेवर नुसता गेरू चोपडला की ओघळणारा डिंक झाकला जातो आणि आत साल कुजतच राहते.

आधी कुजकी साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून काढा. मग बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ, कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद 5 लिटरमध्ये आणि चुना 5 लिटरमध्ये वेगवेगळा भिजवायचा, तोही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. लोखंडी भांडं मोरचूद खातो. चुना निवला की गाळून घ्या आणि दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. लोखंडी चाकूचं स्वच्छ पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. आणखी घाला, नाहीतर साल भाजते. जमिनीपासून साधारण 3 फुटांपर्यंत, पावसाळ्याआधी आणि नंतर एकेकदा, त्याच दिवशी कालवलेली पेस्ट लावा. खोडाशी पाणी साचत असेल तर मात्र कुठल्याच लेपाचा भरवसा धरू नका.

कुंडीतल्या गेरूचं म्हणाल, तर त्यातलं लोह पाण्यात जवळपास विरघळतच नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथे हिराकस (लोहाचं विरघळणारं मीठ, फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. खडे हिरवट हवेत; तपकिरी पडलेला हिराकस घेऊ नका, त्यातलं लोह बरंचसं निरुपयोगी झालेलं असतं. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर कारण बहुधा नत्राच्या कमतरतेचं आहे.

कुंड्या, तुळशीवृंदावन, सारवलेली भिंत रंगवायला गेरूसारखा रंग नाही. घेताना चिमूटभर पाण्यात टाकून पाहा: खरा गेरू तळाशी बसतो आणि पाणी निवळतं. बराच वेळ ठेवूनही पाणी लालच राहिलं तर त्यात कृत्रिम रंग मिसळलेला असू शकतो.