कार्यक्रमात ॲप वापरताना आलेल्या अडचणींबद्दल आमचं उत्तर

नमस्कार. ठेके वाजवणाऱ्या आमच्या ॲपला तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय की हळदीच्या कार्यक्रमात दादरा (सहा मात्रांचा ताल) चालू असताना पुढचा पॅटर्न, म्हणजे बांधून ठेवलेला ठेका, निवडायला गेलात, बोट टेम्पोच्या, म्हणजे वेगाच्या, पट्टीवर पडलं, लय एकदम पळाली आणि गायिका अडली. कोणता ठेका वाजतोय नि पुढे कोणता येणार ते लाइटमध्ये दिसत नाही, पॅटर्न लगेच बदलत नाही, सोळाही ट्रॅक (एकेका वाद्याच्या ओळी) एका स्क्रीनवर मिळत नाहीत, हेही लिहिलंत. ‘घरी ठेके बांधायला छान, स्टेजवर नको’ हे तुमचं वाक्य आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं. घरी वाजवणारा स्क्रीनकडे बघत असतो आणि स्टेजवरचा गायिकेकडे. त्यामुळे कार्यक्रमासाठी वेगळी स्क्रीन करतोय, ती गणपतीआधी येईल.

तिच्यात टेम्पोची पट्टी नसेलच. त्या जागी कमी-जास्त करणारी दोन मोठी बटणं असतील, एका दाबाला एकच बीपीएम (मिनिटाला एक मात्रा), आणि ठेका सुरू होताच तीही लॉक होतील. लॉक काढायला बोट दाबून धरावं लागेल. टॅप टेम्पोही, म्हणजे बोटाने ठोके देऊन वेग ठरवण्याची सोय, दादऱ्यासाठी बदलतोय. वाजवणारा सहा मात्रांत दोनदाच टॅप करतो, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. ॲप मात्र एका टॅपला दोनच मात्रा धरतं, म्हणून ठेका हव्या त्या वेगाच्या दोन तृतीयांशवर येतो. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण पट्टीला हात लावावा लागला तो यामुळेच असणार असं मला वाटतं.

ठेका ज्यात भरायचा त्या स्क्रीनवरच्या घरांच्या रंगांचंही तसंच. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनवर ओळीने १६ बटणं होती. चार मात्रांच्या बारला (आवर्तनाला) ती बरोबर बसतात आणि पुढच्या बहुतेक सॉफ्टवेअरनी तीच मांडणी घेतली. आपल्याकडे दादऱ्यासाठी १२ घरं करता येतात, पण रंग चार-चारचेच राहतात, आणि चौथी मात्रा सातव्या घरात, म्हणजे गटाच्या मधोमध पडते. आता रंग तालाच्या विभागांप्रमाणे पडतील: दादऱ्याला ६-६, सात मात्रांच्या रूपकला ६-४-४. वाजणारा पॅटर्न पूर्ण भरलेला दिसेल, रांगेतला लुकलुकेल, आणि तोच पुन्हा दाबला की रद्द होईल.

पॅटर्न दाबताक्षणी बदलावा, ही मागणी मात्र आम्ही घेत नाही. १२० च्या लयीत चार मात्रांचा बार दोन सेकंदांचा असतो. समेनंतर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेनंतर) लगेच बटण दाबलं तर जवळजवळ तेवढं थांबावं लागतं, आणि गाणं रंगात असताना ते फार वाटतं, हे खरं आहे. पण तुमचा किबोर्डवाला मिडी क्लॉकवर, म्हणजे वाद्यांचा वेग एकत्र ठेवणाऱ्या सिग्नलवर, आपल्याला जोडलेला असतो. त्या क्लॉकमधून एका बीटला २४ ठोके जातात, सम कुठे आहे ते जात नाही. आपण मधेच पहिल्यापासून सुरू झालो तर त्याची साथ जुन्याच समेवर चालू राहील. म्हणून बदल समेवर, अर्ध्या आवर्तनावर की पुढच्या मात्रेवर, हे प्रत्येक पॅटर्नसाठी तुम्हाला ठरवता येईल.

सोळा ट्रॅकही एका स्क्रीनवर देणार नाही. बोट नेमकं पडायला साधारण ९ मिमी जागा लागते आणि सात इंची टॅब आडवा धरला तर रुंदी जेमतेम १५ सेंमी. सोळा ट्रॅक लावले की बाकी कशालाच जागा उरत नाही. तुम्ही निवडाल ते सहा ट्रॅक म्यूट आणि आवाजासह मोठे दिसतील.

हात ऑक्टोपॅडवर (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर) अडकलेले असतात, म्हणून तोवर पुढचा पॅटर्न मिडी पेडलला जोडून पायाने बदलून बघा. ती सोय आजच्या आवृत्तीत आहे. ॲपमधल्या ‘आम्हाला लिहा’मधून तुमचा टॅब कोणता ते कळवलंत तर चाचणीची आवृत्ती आधी तुम्हाला पाठवतो. ती आधी तालमीत वाजवा, कार्यक्रमात लगेच नको.