टिचकी मारून क्रिस्टल जागा होत नाही

परवा भाचीचा फोन. "मावशी, दोन्ही क्रिस्टल खराब निघाले गं. टाकून दिले. आता कुठले घेऊ?" ती सध्या सीडी४०६० आयसी (ठोके मोजून पायरीपायरीने निम्मे करत जाणारी चिप) आणि ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा क्रिस्टल (ठरलेल्या वेगाने थरथरून घड्याळाला ठोके देणारा तुकडा) घेऊन सेकंद मोजणारं सर्किट जुळवतेय. खराब आहेत हे कशावरून ठरवलंस, असं विचारलं तर उत्तरादाखल एक फॉरवर्ड आला. तोच फॉरवर्ड मला गेल्या वर्षभरात आणखी तिघांनी पाठवलाय. तेव्हा मी हसून सोडून दिला होता. आता तो घरात शिरलाय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

"क्रिस्टलचं घड्याळ चालत नाही? हे सात उपाय, १०० टक्के खात्री" असा त्याचा थाट. उपाय थोडक्यात असे: क्रिस्टल मल्टिमीटरवर तपासा, कंटिन्यूइटी (आरपार प्रवाह जात असल्याची बीप) आली नाही तर फेका. क्रिस्टलला दिशा असते, उलटा लावू नका. १० मेगाओहमचा रेझिस्टर निरुपयोगी आहे, काढा. कपॅसिटर जितका मोठा तितकं घड्याळ स्थिर, म्हणून २२ पिकोफॅरडच्या जागी १०४ छापलेला लावा. तरीही सुरू झालं नाही तर सिरीजमधला रेझिस्टर काढून थेट ९ व्होल्ट द्या, क्रिस्टलला टिचकी मारा किंवा सोल्डरिंग आयर्नने शेकवा, तो "जागा होतो". ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडण्या करायच्या पाटीवर) क्रिस्टल चालतच नाही. आणि शेवटचा कळस: घड्याळ दुप्पट वेगाने पळत असेल तर क्रिस्टल डुप्लिकेट आहे.

पहिल्या उपायानेच भाचीचे दोन क्रिस्टल कचऱ्यात गेले. क्वार्ट्‌झ हा विद्युतरोधक आहे, त्यातून मीटरचा डीसी प्रवाह जाणार कसा? धडधाकट क्रिस्टल मीटरवर ओपनच, म्हणजे तुटलेल्या वायरीसारखा, दिसतो. बीप वाजली असती तर काळजी करायची! तिला आधी डबा उपसायला लावला. दिशेचं म्हणाल तर दोन पायांच्या क्रिस्टलला दिशा नसते. चार पायांचे तयार ऑसिलेटर (स्वतःच ठोके देणारं सर्किट) मॉड्यूल वेगळी वस्तू आहे, तिथे पिना पाहून लावाव्या लागतात. कोणीतरी दोन्हींची खिचडी केलीय.

आता तो दुप्पट वेग. क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, २० पीपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे दहा लाखांत वीस भागांची चूक. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती पावणेदोन सेकंदांच्या आसपास भरते. घड्याळ दुप्पट पळायला ही चूक दहा लाख पीपीएम हवी. डुप्लिकेटातला डुप्लिकेट क्रिस्टलही इतकं मोठं काम करू शकणार नाही. खरं कारण साध्या भागाकारात आहे. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला एक ठोका मिळतो. सीडी४०६० मध्ये पायऱ्या चौदाच आहेत. शेवटच्या, म्हणजे ३ नंबरच्या पिनवर सेकंदाला दोन ठोके येतात. पुढे सीडी४०१३ सारखा एक फ्लिपफ्लॉप (ठोके आणखी एकदा निम्मे करणारं सर्किट) लावला की झालं. हे न सांगता बिचाऱ्या क्रिस्टलला डुप्लिकेट ठरवायचं! किती जणांनी चांगला क्रिस्टल बदलून पुन्हा तेच दोन ठोके मोजले असतील, देव जाणे.

पण हा नुसता विनोद झाला. नुकसान करणारा उपाय आहे तो ९ व्होल्टवाला. आयसीला ९ व्होल्ट चालतात, अगदी १५ सुद्धा चालतात, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. क्रिस्टलच्या त्या बारक्या नळकांड्यात काय आहे ते बघा. आत दोन दांड्यांचा इवलासा क्वार्ट्‌झचा चिमटा आहे, स्वरकाट्यासारखा, आणि तो खरोखर थरथरत असतो. त्याला झेपणारी शक्ती साधारण एक मायक्रोवॉट, वॉटचा दहा लाखावा भाग. सिरीज रेझिस्टर काढला, इन्व्हर्टरच्या (आयसीतला सिग्नल उलटा करून वाढवणारा भाग, घरातला बॅटरीवाला नव्हे) दोन्ही बाजूंना पूर्ण ९ व्होल्टचे झोके बसले, तर ढोबळ हिशेबाने क्रिस्टलमधून पंधरा-सतरा मायक्रोअँपिअर वाहतात. त्याचा अंतर्गत रोध ४० किलोओहम धरा. शक्ती दहा मायक्रोवॉटच्या पुढे जाते, म्हणजे सोसण्याच्या दहापट. चिमटा लगेच तुटेलच असं नाही. आधी वारंवारता सरकते, घड्याळ आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरंच दाखवतं, आणि मग एक दिवस गप्प. १० नंबरच्या पिनपासून क्रिस्टलपर्यंत जाणारा तो २२० किंवा ३३० किलोओहमचा रेझिस्टर याच धक्क्याला आवर घालायला असतो. "मधला अडथळा काढा" म्हणणाऱ्याने तो तिथे कशाला ठेवलाय हे विचारलेलंच नाही.

शेकवण्याबद्दल फार बोलत नाही. आयर्नचं टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं आणि आत त्या चिमट्याला धरून ठेवणारा सांधा केवढासा. पाय सोल्डर करतानासुद्धा हात चटकन उचलायचा असतो, इथे लोक अंगालाच आयर्न लावतायत.

टिचकीचं मात्र, नाइलाजाने, थोडं मान्य करते. टिचकीने बंद ऑसिलेटर कधीकधी सुरू होतो, हे मीही पाहिलंय. ऑसिलेटरची सुरुवात सर्किटमधल्या बारीक नॉइजपासून (सतत चालणाऱ्या विद्युत चलबिचलीपासून) होते आणि ती पुरेशी वाढली तरच टिकते. वाढ जेमतेम असेल तर बाहेरून मिळालेला ठोका तेवढा उपयोगी पडतो, किंवा कुठलातरी कच्चा सांधा तेवढ्यापुरता चिकटतो. म्हणजे टिचकीने चालू झालं तर सर्किट आजारी आहे एवढं कळलं. पुढच्या वेळी वीज गेली की ते पुन्हा टिचकीची वाट बघत बसेल.

वाढ जेमतेम का असते, याचं उत्तर त्यांच्याच चौथ्या उपायात आहे. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एएन२८६७ नावाची ऑसिलेटर डिझाइनची मार्गदर्शिका आहे, फुकट मिळते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तिचं एकच सूत्र पाहिलं असतं तर निम्मे उपाय लिहिले नसते. ऑसिलेटर सुरू व्हायला इन्व्हर्टरकडून किमान किती ताकद लागेल, ते लोड कपॅसिटन्सच्या (क्रिस्टलवर पडणाऱ्या एकूण कपॅसिटन्सच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि हाताशी त्याच्या पाचपट तरी ताकद असावी, असं ती सांगते. १२.५ पिकोफॅरड लोडसाठी बनवलेल्या क्रिस्टलला दोन बाजूंना १००-१०० पिकोफॅरड लावले, तर ते एकापुढे एक येऊन ५० होतात, वायरिंगचे चारेक धरून ५४. लागणारी ताकद पंधरापटीहून जास्त झाली! आणि १०४ म्हणजे तर एक लाख पिकोफॅरड. त्यात क्रिस्टल हलतही नाही.

हे १०४ आलं कुठून याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, कोणीतरी आयसीच्या १६ आणि ८ नंबरच्या पिनांमध्ये, सप्लायवर, १०४ लावलेला पाहिला. तो तिथे हवाच. पण तो क्रिस्टलचा कपॅसिटर नव्हे. या दोघांची अदलाबदल झाली आणि मेसेज सुटला.

क्रिस्टलच्या कपॅसिटरचा खरा परिणाम वेळेवर होतो. कमी पडला तर घड्याळ पुढे, जास्त झाला तर मागे. या जातीच्या क्रिस्टलला १२.५ च्या आसपास एका पिकोफॅरडला साधारण आठ पीपीएम, म्हणजे दिवसाला पाऊण सेकंदाच्या जरा आत.

१० मेगाओहमचा रेझिस्टर १० आणि ११ या पिनांमध्ये बसतो आणि इन्व्हर्टरला निम्म्या व्होल्टेजवर तोलून धरतो. तो काढला तर इन्व्हर्टर एका टोकाला जाऊन चिकटतो. काही मायक्रोकंट्रोलरमध्ये हा रेझिस्टर आतच असतो, तिथे बाहेरून लागत नाही, हे खरं. सीडी४०६० मध्ये तो नाही. ब्रेडबोर्डवर ३२ किलोहर्ट्‌झ चालतो, फक्त पट्ट्यांचे दोन-चार पिकोफॅरड हिशेबात धरा आणि वायरी आखूड ठेवा. मेगाहर्ट्‌झवाल्यांनी कुरकुर केली तर समजू शकते.

आणि सातांपैकी एकाही उपायात नसलेली गोष्ट: रीसेट. १२ नंबरची पिन हाय असली तर सीडी४०६० चा काउंटर शून्यावर राहतो आणि ऑसिलेटरही बंद पडतो. भाचीने ती पिन मोकळी सोडली होती. वर ती मीटर थेट ११ नंबरवर टेकवून "काहीच येत नाही" म्हणत होती. १० मेगाओहमच्या रेझिस्टरने तोललेल्या पिनवर १० मेगाओहमचा मीटर टेकवला तर चालणारं सर्किटही थांबू शकतं. क्रिस्टलच्या पायांना हात लावायचाच नाही, तपासायचं ते आउटपुटवर. ७ नंबरच्या पिनवर ३२,७६८ भागिले १६, म्हणजे २,०४८ हर्ट्‌झ येतात. कानाला सहज ऐकू येतात. तिथून एक पिझो बझर ग्राउंडला जोडायला सांगितला.

डब्यातून काढलेल्या दोनपैकी पहिलाच क्रिस्टल, १२ नंबर ग्राउंडला, आणि फोनवर मला तो किरटा सूर ऐकू आला. दुसरा तिने टेबलावर आपटून "जागा" केला होता, तो मात्र खरंच गेलाय.

काल तिचा मेसेज: तीन दिवसांत सहा सेकंद पुढे. कपॅसिटर कितीचे, विचारलं. १२ चे होते. आता १८ चे लावतेय.