‘अपघात झाला तर थांबू नका’ : चालकांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

माझा मावसभाऊ मालवाहू ट्रक चालवतो. गेल्या आठवड्यात त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढेच विचारले, “दादा, हे खरे आहे का?” त्याच्या मालकाने हाच मजकूर छापून प्रत्येक केबिनमध्ये चिकटवायला दिला आहे, हे त्याने नंतर सांगितले. मोटार अपघाताच्या दाव्यांत मृतांच्या वारसांची बाजू मांडणे हे माझे काम असल्यामुळे हा कागद कोणाच्या जिवावर उठू शकतो हे मला दिसते आणि म्हणूनच हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

संदेश असा आहे : “नवीन कायद्यात अपघातात माणूस मेला की ड्रायव्हरला सरळ दहा वर्षे जेल आणि सात लाख दंड. चूक कोणाचीही असो, मोठ्या गाडीवरच केस होते. म्हणून थांबू नका, पब्लिक मारून टाकते. गाडी घेऊन निघा, दोन दिवसांनी वकील घेऊन हजर व्हा, जामीन होतो. घरच्यांना पैसे दिले की केस मिटते. श्रीमंताच्या पोराला निबंध आणि गरीब ड्रायव्हरला जेल.”

आधी त्या दहा वर्षांविषयी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ला दोन पोटकलमे आहेत. पहिल्यानुसार बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. जुन्या दंडविधानाच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती आणि केवळ दंडावरही सुटका होऊ शकत होती, त्यामुळे कायदा कडक झाला हे खरे आहे. परंतु पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे, किमान शिक्षा ठरवलेली नाही आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. दहा वर्षांची तरतूद दुसऱ्या पोटकलमात आहे आणि ती फक्त अशा चालकासाठी आहे, जो मृत्यूनंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता पळून जातो. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील चालकांनी संप केला तो याच पोटकलमाविरुद्ध, आणि १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना केंद्र सरकारने हे पोटकलम बाजूला ठेवले. सात लाखांचा आकडा तर कलमात कुठेही नाही. तिथे फक्त दंड असे म्हटले आहे.

म्हणजे जी तरतूद पळून जाणाऱ्यासाठी लिहिली गेली, तिचीच भीती घालून हा संदेश चालकाला पळून जायला सांगतो. ज्याने हा मजकूर लिहिला त्याने कलम वाचलेले नाही, किंवा वाचूनही उलटे सांगितले आहे. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी परिणाम एकच होतो आणि तो रस्त्यावर पडलेल्या माणसाला भोगावा लागतो.

जमावाच्या भीतीचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. अपघातानंतर चालकाला बेदम मारहाण होते, गाडी पेटवली जाते, हे घडते आणि ते लज्जास्पद आहे. परंतु कायद्याने ही भीती फार पूर्वीच ओळखली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३४ म्हणते की जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे शक्य नसेल तेवढा अपवाद सोडून, जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेऊन उपचार मिळवून देण्यासाठी चालकाने सर्व वाजवी प्रयत्न केले पाहिजेत. घटनास्थळी पोलीस नसतील तर त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घटनेची माहिती दिली पाहिजे. मदत करता आली नसेल तर ती का करता आली नाही, हेही तिथेच सांगायचे आहे. जिवाला धोका आहे असे वाटले तर तिथून निघून थेट ठाणे गाठण्याचा आणि वाटेतून ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवण्याचा मार्ग चालकाला पूर्ण मोकळा आहे. संदेशातले ‘दोन दिवसांनी’ मात्र कायद्यात कुठेच बसत नाही. हे कर्तव्य टाळणे हा कलम १८७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

पळून जाण्याने चालकाचे भले होते, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात काय लिहिले जाते ते एकदा वाचून पाहावे. रस्त्याची रुंदी, दुभाजकातली मोकळी जागा, टायर घसरल्याच्या खुणांची लांबी आणि दिशा, काचांचे तुकडे कुठे पडले आहेत, वाहनाचा कोणता भाग चेपला आहे, हे सर्व पंचांसमक्ष मोजून नोंदवले जाते. पुढे मोटार वाहन निरीक्षक ब्रेक आणि स्टिअरिंग तपासून अहवाल देतो. दुचाकी दुभाजकातून अचानक समोर आली आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला, हे सांगणाऱ्या खुणा काही तासांच्या रहदारीत पुसल्या जातात. ट्रक जागेवर नसेल तर तो कोणत्या बाजूने चालला होता हे फक्त फिर्यादी सांगतो. रक्ताच्या तपासणीचेही तेच आहे. न पिता गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने त्याच दिवशीचा रक्ताचा नमुना बोलतो. दोन दिवसांनी हजर होणारा माणूस हा पुरावा स्वतःच्या हाताने घालवतो आणि वर ‘पिऊन होता म्हणून पळाला’ हा संशय अंगावर ओढवून घेतो. शिक्षेच्या वेळीही हे वर्तन मोजले जाते. दिल्लीतील १९९९ च्या बीएमडब्ल्यू प्रकरणात सहा जणांचा मृत्यू झाला होता. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमींना मदत न करता निघून जाण्याची गंभीर दखल घेतली होती.

मृताच्या घराचे काय होते तेही सांगतो, कारण ते मला रोज दिसते. वाहनाची ओळख पटली आणि त्याचा विमा असला, तर मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशोब करून न्यायाधिकरण भरपाई ठरवते. वाहन सापडलेच नाही, तर कुटुंबाला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ खालील ठरावीक दोन लाख रुपयांवर थांबावे लागते. तीन लहान मुले मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन रकमांमधले अंतर म्हणजे त्या मुलांचे सगळे शिक्षण असते.

मोठ्या गाडीवरच केस होते, या वाक्यात थोडे तथ्य आहे. गुन्हा नोंदवताना बहुधा मोठ्या वाहनाच्या चालकाचेच नाव लिहिले जाते. परंतु गुन्हा नोंदवणे आणि दोष सिद्ध होणे यांत फार अंतर आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात ट्रक ‘भरधाव’ होता एवढ्या साक्षीवर बेदरकारपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आणि चालकाची निर्दोष मुक्तता कायम ठेवली. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

पैसे देऊन केस मिटते, या दाव्याला उत्तर म्हणून एकच निकाल पुरेसा आहे. पंजाब राज्य विरुद्ध सौरभ बक्षी या प्रकरणात दोघांचा जीव गेला होता आणि खालच्या न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली होती. मृताच्या कुटुंबाला ८५,००० रुपये दिल्याचे लक्षात घेऊन उच्च न्यायालयाने ती भोगून झालेल्या २४ दिवसांवर आणली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द करून सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि अशा गुन्ह्यांतील शिक्षेच्या धोरणाचा कायदेमंडळाने फेरविचार करावा असेही म्हटले. त्याआधी, २००० साली, दलबीर सिंग या बसचालकाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती केली, तेव्हाही याच न्यायालयाने ती नाकारली होती. त्या निकालाचा आशय असा की, बेदरकार चालवले तरी अपघात होईलच असे नाही, झाला तरी कोणी मरेलच असे नाही, मेले तरी दोष सिद्ध होईलच असे नाही आणि झालाच तरी न्यायालय सौम्यपणे वागेल, हा हिशोब चालकाने मनात धरता कामा नये. केबिनमध्ये काही चिकटवायचेच असेल तर हे चिकटवावे. साक्षीदार फोडले जातात आणि गरिबीपोटी कुटुंबे गप्प बसतात, हे मी पाहिले आहे. पण हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, आणि विम्याची भरपाई मिळाल्याने फौजदारी खटला संपत नाही.

आता शेवटचा मुद्दा. मे २०२४ मधील पुण्याच्या पोर्श प्रकरणात अल्पवयीन चालकाला लिहायला सांगितलेला तो ३०० शब्दांचा निबंध ही शिक्षा नव्हती, बाल न्याय मंडळाने घातलेली जामिनाची अट होती आणि काही दिवसांतच त्या आदेशात बदल झाला. तरीही दोन तरुण जीव गेल्यानंतर काही तासांत अशी अट घातली जाते, यावरचा लोकांचा संताप मला रास्त वाटतो. श्रीमंत आणि गरीब यांच्यातला फरक काल्पनिक आहे असे मी म्हणू शकत नाही. महागड्या वकिलांमुळे खटले वर्षानुवर्षे लांबतात, आणि महिन्याच्या पगारावर जगणारा चालक पहिल्या तारखेपासूनच खचलेला असतो. कलम निवडण्यावरही खूप काही अवलंबून असते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले सात मजूर एका मोटारीखाली मेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम लावून सहा महिने दिले, तर मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून तीन वर्षे दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एकच घटना, तोच पुरावा, आणि शिक्षा सहापट.

ही तफावत राहते, कारण मद्यपान, पळून जाणे, परवाना नसणे, मृतांची संख्या, मदतीचा प्रामाणिक प्रयत्न यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, याची लेखी मार्गदर्शक तत्त्वे आपल्याकडे कायद्याने आखून दिलेली नाहीत. कमाल मर्यादा दोनवरून पाच वर्षांवर नेली गेली, पण शून्य ते पाच यांच्यामधली सगळी जागा प्रत्येक न्यायालयाच्या विवेकावर सोडलेली आहे. संदेश लिहिणाऱ्याला चालकांची खरोखर काळजी असती, तर त्याने या तत्त्वांची मागणी केली असती. जखमीला टाकून निघून जा असे छापून वाटले नसते.